अंशतः खरे आहे

प्रश्न मुंबईहून येतो, तारांकित.
त्याचं शेपूट ठरलेलं:
हे खरे आहे काय?
असल्यास, चौकशी केली आहे काय?
नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?
त्र्यंबक नाक्याजवळच्या आमच्या कार्यालयातून
तो जिल्ह्याला जातो, मग सावळघाट उतरून पेठ,
मग पेठच्याही पलीकडे,
जिथे रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं.

उत्तर त्याच वाटेने वर येतं
आणि प्रत्येक टेबलावर
थोडं वजन उतरवत येतं.

वाघेरे सिस्टरांनी आखीव कागदावर लिहिलं होतं,
पाठपोट:
गाडी होती. चालक नव्हता.
सात महिने पगार नाही म्हणून तो आता
पिंपळगावला द्राक्षाच्या पिकअपवर जातो.
यमुना गोटीराम भोये, वय तेवीस.
पाड्यापासून झोळी, पुढे जीप.
जीपवाल्याने डिझेलचे पैसे आधी मागितले, ते मी दिले.
रक्त थांबत नव्हते. ती पाणी मागत होती.
घाटात दुसऱ्या वळणावर गेली.
बाळ आहे.

तालुक्याने पाणी वगळलं.
जिल्ह्याने झोळी, जीप, पगार.
माझ्यापर्यंत आली ती दोन वाक्यं:
रुग्णवाहिका उपलब्ध होती.
तथापि, चालक उपलब्ध नव्हता.
साहेब म्हणाले, तथापि नको.
मी तथापिपासून पुढे रेघ मारली.
पट्टी लावून मारली. अठ्ठावीस वर्षांची सवय.

सभागृहात मंत्र्यांनी वाचलं:
(१) अंशतः खरे आहे.
(२) रुग्णवाहिका उपलब्ध होती.
(३) प्रश्न उद्भवत नाही.

त्या रात्री बायकोने विचारलं,
आमटीत मीठ बरोबर आहे ना?
अंशतः, म्हणालो.
ती हसली. मला हसू आलं नाही.

दिवाळीनंतर एक माणूस आला,
दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज घेऊन.
सर्व पत्रव्यवहार, स्थळप्रतींसह.
स्थळप्रत हा शब्द त्याला कुणी सांगितला
ते मी विचारलं नाही.
अर्जावरचं अक्षर वाघेरे सिस्टरांचं होतं.
मुदत तीस दिवसांची असते.
सात पानं, झेरॉक्सचे चौदा रुपये.
मी चार वाजता पावती फाडली
आणि साडेचारला कागद दिले.

नियोजन भवनात मंत्र्यांचा आढावा.
शेवटची दहा मिनिटं अभ्यागतांना.
गोटीराम भोये उभा राहिला आणि वाचू लागला.
आधी सिस्टरांचं, पाठपोट सगळं.
मग तालुक्याचं. मग जिल्ह्याचं.
जोडाक्षरांपाशी अडायचा.
एसीच्या आवाजात ते अडणं
फार मोठं ऐकू येत होतं.
कुणी शब्द पुरवला नाही, मीही नाही.
शेवटच्या पानावर माझी रेघ आली.
त्याने कागद ट्यूबलाइटकडे धरला
आणि खोडलेलंही वाचलं.

मंत्री म्हणाले, माहिती घेऊन सांगतो.
घ्या, गोटीराम म्हणाला,
आणि कागद पुढे केले.

मंत्र्यांच्या दोन्ही हातांत जरबेराचा गुच्छ होता,
नुकताच कुणीतरी दिलेला.
स्वीय सहायकाने हात लांबवला.
तुम्हाला नाय, गोटीराम म्हणाला. त्यांना.
कागद तसेच हवेत.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी पट्टीसारखा सरळ बसलो होतो,
तिसऱ्या रांगेत, फाइल मांडीवर.

मग मी उठलो.
नोकरीत पहिल्यांदाच, कुणी न सांगता.
पुढे गेलो आणि मंत्र्यांच्या हातांतून
तो गुच्छ काढून घेतला.
साहेब, म्हणालो, आता घेता येईल.

देठांचं गार पाणी
बाहीतून कोपरापर्यंत उतरत होतं.
मी तो खाली ठेवला नाही.